दर उन्हाळ्यात थोडे थोडे बांधायचे घर

वाईहून धोमच्या वाटेला लागले की तीनेक किलोमीटरवर कृष्णेकाठी मेणवली येते. गाव लहान आहे, पण सुट्टीच्या दिवशी घाटावर चांगली वर्दळ असते. कोणी 'स्वदेस' चित्रपटातली ठिकाणे शोधत आलेले असते, कोणी मेणेश्वराला. पुष्कळजण १७०७ साल कोरलेली ती पोर्तुगीज घंटा पाहायला येतात. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यानंतर चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ती एक. घाटाला लागूनच नाना फडणीसांचा वाडा आहे. १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्र्यंबक प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नानांना दिली. त्यानंतर नानांनी इथे वाडा, घाट आणि देवळे उभी केली. एकामागून एक सहा चौक, वरच्या मजल्यावर भित्तिचित्रे, भोवती भक्कम आवार. येणाऱ्याची नजर साहजिकच चित्रांवर, कोरलेल्या खांबांवर आणि नानांच्या पलंगावर जाते.

संपादकांनी या अंकासाठी 'घर' हा विषय दिला, तेव्हा या वाड्याकडे पाहायची दिशा थोडी बदलावीशी वाटली. नाना कोण होते आणि वाडा किती सुंदर आहे, हे पुष्कळांनी लिहिले आहे. हा वाडा अजून उभा का आहे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. त्याच काळात, तेच लाकूड, तोच दगड आणि तोच चुना वापरून बांधलेले शेकडो वाडे सातारा, नगर, नाशिक, पैठण, सासवड या पट्ट्यात होते. आज त्यांतल्या कित्येकांचे जोतेच उरले आहे. कित्येकांच्या जागी तीन मजली काँक्रीटची इमारत आली आहे आणि तळमजल्यावर मोबाइलचे दुकान आहे. साहित्य एकच, हवा तीच, कारागीरही बहुधा एकाच परंपरेतले. मग फरक कशाने पडला?

उत्तर छपराकडे पाहिले की सापडू लागते. वाडा ही एकदा बांधून मोकळे होण्याची वस्तू नाही. तिच्या रचनेतच असे गृहीत आहे की दर वर्षी कोणीतरी वर चढेल, फुटलेले कौल बदलेल, पन्हाळीतला पाला काढेल, पोपडा धरलेला गिलावा खरवडून नवा चुना लावेल. वाडे पडले ते वयाने पडले असे आपण म्हणतो, पण पुरावा पाहिला तर ते डागडुजी थांबल्यामुळे पडलेले दिसतात. ही डागडुजी थांबण्याला ठरावीक, नावे घेऊन सांगता येतील अशी कारणे आहेत.

खणांचा हिशेब

जुन्या गवंड्यासुतारांच्या भाषेत घर खणांनी मोजतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण चार ते सहा फुटांचा. लाकडाची तुळई किती लांब मिळते आणि किती ओझे वाकल्याशिवाय पेलते, यावर खणाचे माप ठरते. ओटी तीन खणांची, माजघर पाच खणांचे, असे सांगितले की ऐकणाऱ्याला खोलीचा आकार, खांबांची जागा आणि साधारण खर्चही कळायचा. सगळे घर या एकाच मापाच्या गुणाकाराने वाढत जाते. चौक मध्ये ठेवून चारही बाजूंना खण लावले की एक चौसोपी वाडा होतो. कुटुंब वाढले, कारभार वाढला की मागे दुसरा चौक जोडायचा. मेणवलीचे सहा चौक याच व्याकरणाने उभे आहेत.

खांब जमिनीत गाडत नाहीत. तो दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीतली ओल लाकडात चढत नाही. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट किंवा किलचन, आणि त्यावर मातीचा थर. हे सांधे बहुतेक खाच आणि कुसू यांनी बसवलेले असतात. खिळा कमी आणि लाकडाला लाकडाचीच पकड जास्त. याचा अर्थ असा की हा सांगाडा सोडवता येतो. एक कडी कुजली तर शेजारच्या कडीला टेकू देऊन तेवढीच काढता येते आणि नवी घालता येते. सिमेंट-लोखंडाच्या छतात एखादी सळई गंजली तर ती एकटी बदलता येत नाही. वाड्यात प्रत्येक अवयव बदलण्यासाठीच सुटा ठेवलेला आहे. बांधणाऱ्याला आपले लाकूड अमर आहे असे वाटत नव्हते. त्यातले काही जाणार, हे धरूनच त्याने घर रचले.

भिंतींचेही तसेच. जोते काळ्या पाषाणाचे, कारण हा दगड पाणी फारसे पीत नाही. जोत्यावर काही उंचीपर्यंत दगड, त्याच्या वर पक्क्या विटा, आणि जिथे ऐपत कमी किंवा भिंत आतली तिथे कच्च्या विटा किंवा पांढरी माती. जोडायला चुना. देशावरच्या काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजून कळीचा चुना करायचा, पाण्यात विरवायचा, मग वाळू आणि सुरखीबरोबर बैलाच्या घाण्यात तासन् तास मळायचा. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ त्यात पडत. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगडाच्या वळणावर जातो, पण त्याला वेळ लागतो. सिमेंटइतका तो कडक कधीच होत नाही, आणि हाच त्याचा गुण आहे. भिंत थोडी हलली, लाकूड उन्हाळ्या-पावसाळ्यात आकसले-फुगले, तर चुना ते सोसतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेरही पडते.

पाणी येते कुठून, जाते कुठे

वाई हे पावसाच्या सीमेवरचे गाव आहे. पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेले तर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाईत त्याचा लहानसा हिस्साच येतो, आणि पूर्वेला फलटण-माणकडे सरकत गेले की दुष्काळी मुलूख लागतो. म्हणून या भागातल्या घरांच्या छपरांमध्ये पूर्व-पश्चिम फरक स्पष्ट दिसतो. पश्चिमेकडे उतरती कौलारू पाखे, पूर्वेकडे आणि मराठवाड्यात मातीची सपाट माळवदे. कौले आधी कुंभाराची, हाताने थापलेली नळीची होती. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी, खाचेत बसणारी कौले हळूहळू सगळीकडे पसरली. नळीचे कौल हलके असते आणि वाऱ्याने, मांजराने, माकडांनी सरकते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर कौले चाळणे हे घरोघरचे काम होते.

चौकाबद्दल सहसा एवढेच सांगितले जाते की तो उजेड आणि वारा देतो. ते खरे आहे. दुपारी तापलेली हवा चौकातून वर जाते, भोवतालच्या पडव्यांमधली गार हवा तिची जागा घेते, आणि जाड भिंती दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत आत येऊ देत नाहीत. पण चौकाचे दुसरे काम पाण्याचे आहे, आणि घराच्या आयुष्याच्या दृष्टीने तेच मोठे. चारही पाख्यांचे आतल्या बाजूचे पाणी चौकात पडते. चौक भोवतालच्या पडवीपेक्षा खाली असतो, त्याला फरसबंदी असते, एका कोपऱ्याकडे उतार असतो, आणि तिथून दगडी मोरी भिंतीखालून बाहेर जाते. ही मोरी तुंबली की पाणी जोत्याला लागून उभे राहते. जोत्याचे सांधे ओले होतात, मग वरची माती ओल ओढू लागते, आणि ज्या ठिकाणी कडीचे टोक भिंतीत गेलेले असते तिथे लाकूड आतून भुसभुशीत होते. बाहेरून काही दिसत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की एका रात्री कोपरा बसतो.

पाण्याने मातीच्या भिंतीचे काय होते, हे पुण्याने १२ जुलै १९६१ ला पाहिले. पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे बसले. त्या दिवशीचा पूर हा अपवाद होता. तुंबलेल्या मोरीचे पाणी तेच काम करते, फक्त त्याला दहा वर्षे लागतात आणि कोणी बातमी देत नाही.

चुलीचा धूर, शेणाने सारवलेली जमीन, रोजचा झाडू, संध्याकाळी प्रत्येक खोलीत नेलेला दिवा, या गोष्टींनाही देखभालीचेच मोल होते. खोलीत माणूस रोज जात असेल तर छताला पडलेला ओलसर डाग त्याच आठवड्यात दिसतो. कुलूप लावलेल्या खोलीत तो डाग दिसतो तेव्हा वरची कडी गेलेली असते. मेणवलीत नानांच्या मागे त्यांच्या पत्नी जिऊबाई राहिल्या, नंतरही वाडा घराण्याकडेच राहिला. मेणवली दफ्तर म्हणून इतिहासकारांना परिचित असलेले हजारो मोडी कागद याच घरात होते, आणि पुढे ते द. ब. पारसनीसांच्या हाती आले. वाईतल्याच एका घरातून मिळालेल्या कागदांवर इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड उभा केला. रुमालात बांधलेला कागद शंभर पावसाळे कोरडा राहतो, याचा अर्थ त्यावरचे छप्पर शंभर वेळा कोणीतरी पाहिलेले आहे. डागडुजीचा याहून बोलका दाखला दगडालाकडात मिळणार नाही.

खर्च कोण करत होते

इथपर्यंतचा युक्तिवाद वाड्यांच्या बाजूने जातो. पण एक आक्षेप त्याच्या मुळावरच येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ही दर वर्षीची डागडुजी कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या कष्टाने होत होती? वाडा उभा होता इनामाच्या आणि वतनाच्या उत्पन्नावर, म्हणजे दुसऱ्याने कसलेल्या जमिनीच्या वसुलावर. सुतार, कुंभार हे बलुतेदार वर्षाच्या धान्यावर बांधलेले होते. कौले चाळायला, मोऱ्या उपसायला येणारी माणसे ज्या जातींची होती, त्यांना माजघरापर्यंत पाऊल टाकायची मुभा नव्हती. घरातल्या बायका मागच्या चौकात, कमी उजेडात, दिवसभर सारवण, सडा आणि चूल यांत अडकलेल्या होत्या. देवडी, ओटी, माजघर, मागचा चौक ही रांग हवेशीर आहे, तशीच ती कोणी कुठपर्यंत यायचे याची पायरीही आहे. वाड्याच्या नकाशावर जातीची आणि बाईपणाची रेघ मारलेली आहे, आणि वाड्याचे कौतुक करणाऱ्याने ती पाहिलीच पाहिजे.

ही व्यवस्था मोडली ती मोडायलाच हवी होती. १९५० च्या दशकात खासगी इनामे रद्द झाली, कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीचा मालक झाला. त्या न्यायाबद्दल हळहळ वाटायचे कारण नाही. पण त्याचा एक परिणाम नोंदवावा लागतो. वाड्याला जो पैसा आणि जे श्रम जवळपास फुकट मिळत होते, ते थांबले. वाडा स्वस्त होता असे आज कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. त्याची किंमत दुसरे कोणीतरी भरत होते, एवढेच. ती किंमत आता उघड झाली आहे आणि रोखीने, योग्य मजुरी देऊन भरावी लागणार आहे. याचा अर्थ ती भरू नये असा होत नाही. ज्या सुताराच्या आजोबाला धान्यावर राबावे लागले, त्याच्या नातवाला त्याच कौशल्याचा चांगला रोज मिळणे हा जुन्या अन्यायाला दिलेला बरा प्रतिसाद आहे. कौशल्य मरू देणे हा नव्हे.

याच काळात दुसरा घाव बसला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाल्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कित्येक कुटुंबे पुण्या-मुंबईला निघून गेली. जे वाडे आगीतून वाचले, त्यांतलेही पुष्कळ नंतर बंद राहिले, आणि बंद वाड्याला कुलूप लावलेल्या खोलीचेच भागधेय येते.

वाटणी आणि भाडे

शहरांमधल्या आणि तालुक्याच्या गावांमधल्या वाड्यांना मारणारे कारण मात्र कागदावरचे आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. युद्धकाळातल्या टंचाईत भाडेकरूंना वाचवण्यासाठी असा कायदा आवश्यक होता, आणि ज्यांनी त्याच्या आधारावर पोटे भरली त्यांना दोष देता येत नाही. पण तो पन्नास वर्षे त्याच रूपात चालला. तो जिथे लागू होता तिथे एका खोलीचे महिन्याचे भाडे एका कौलाच्या किमतीइतकेही राहिले नाही. मालकाने दुरुस्ती करावी तर पैसा कुठून आणायचा? भाडेकरूने करावी तर घर त्याचे नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण पाच-दहा रुपयांवर चार टक्के म्हणजे किती? दोघेही वाट पाहत राहिले, आणि वाट पाहण्यात पावसाळे गेले.

मुंबईत या प्रश्नाला १९६९ मध्ये एक उत्तर काढले गेले. जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवायचा आणि त्यातून एका मंडळाने दुरुस्त्या करायच्या. त्या मंडळाच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. तरीही तत्त्व असे मान्य झाले की जुन्या घराची डागडुजी हा एकट्या मालकाचा खासगी प्रश्न नाही. मुंबईबाहेर, वाई, पैठण, पंढरपूर अशा गावांत, हे तत्त्व पोचलेच नाही.

त्यात वाटण्या आल्या. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, महाराष्ट्राने मुलींना समान वाटा दिला १९९४ मध्ये, देशभर तो २००५ मध्ये आला. न्याय्य वाटणीविरुद्ध बोलायचे काही कारण नाही. पण प्रॉपर्टी कार्डावर पंधरा-वीस नावे लागली, त्यांतली निम्मी परगावी, आणि मग एक पन्हाळ दुरुस्त करायची तर कोणाला विचारायचे? वाड्याच्या रचनेत पाणी सामाईक आहे. एका भावाच्या वाट्याच्या पाख्यावरचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीत उतरते. वाटणीपत्रात खण वाटले जातात, आढे आणि मोरी कोणाच्या वाट्याला, हे मात्र लिहिलेले नसते. वकिलाने वाटणी करताना जमिनीबरोबर पाण्याची वाट आणि सामाईक छपराचा वार्षिक खर्च लिहून घेतला असता, तर कितीतरी वाडे आज उभे असते. ही कल्पना अवघड नाही. अपार्टमेंटमध्ये देखभाल शुल्क गोळा होतेच. वाड्यात ते कोणी गोळा केले नाही, कारण आपण सगळे एकाच घरातले आहोत, हा समज तोपर्यंत टिकून होता.

किल्लारीचा आक्षेप

सगळ्यांत गंभीर आक्षेप जिवाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे झोपेतच गेली. ती दगडमातीच्या घरांखाली गेली. तेव्हापासून महाराष्ट्राच्या मनात जुने घर म्हणजे मरणाचा सापळा, आणि काँक्रीट म्हणजे सुरक्षा, असे समीकरण बसले. सातारा जिल्ह्याने तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिला आहे. इतक्या मरणांच्या समोर जुन्या बांधणीची बाजू घेणाऱ्याने फार जपून बोलले पाहिजे.

म्हणून किल्लारीत नेमके काय पडले ते पाहू. तिथल्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या. आतला आणि बाहेरचा दगडी थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते किंवा फारच कमी होते. माळवदावर दर वर्षी गळती थांबवायला मातीचा नवा थर पडत गेला होता, आणि कित्येक ठिकाणी तो दोन फुटांच्या घरात पोचला होता. हादरा बसल्यावर भिंतीचे थर फुगून वेगळे झाले आणि कोसळले. पण अभ्यासकांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरांत खांब आणि तुळयांचा खणांचा सांगाडा होता, तिथे अनेकदा भिंती ढासळल्या आणि सांगाडा छतासह उभा राहिला. लाकडाचा सांगाडा लवतो, सांधे थोडे सरकतात आणि धक्का पचवतात. मारणारी होती ती बांधण नसलेली भिंत आणि चढत गेलेले मातीचे ओझे. माळवदावर माती चढवत जाणे ही देखभालच होती, पण चुकीची. जुना थर काढून मग नवा घालायचा, हा नियम सुटला होता. जुन्या पद्धतीचे ज्ञान अर्धवट उरले की काय होते, हे किल्लारीने फार मोठी किंमत घेऊन दाखवले.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. भूकंपानंतर राज्याने जागतिक बँकेच्या मदतीने जो कार्यक्रम घेतला, त्यात नवी गावे वसवण्याबरोबरच सुमारे एक लाख नव्वद हजार घरांची जागच्या जागी दुरुस्ती, मजबुतीकरण किंवा पुनर्बांधणी होती. गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले आणि त्या घरोघरी जाऊन आरपार दगड, पट्टी, हलके छप्पर या गोष्टी समजावत होत्या. दगडमातीच्या घरांची दुरुस्ती सार्वजनिक पैशाने, गावपातळीवर करता येते, हे महाराष्ट्राने आधीच करून पाहिले आहे. त्याचबरोबर हेही खरे की अनेकांनी ते अनुदान जुन्या भिंती बांधण्यावर न घालवता एक नवी खोली उभी करण्यावर खर्च केले. त्यांना जुन्या घराची भीती बसली होती, आणि ती भीती कुठल्याही तक्त्याने जात नाही. दुरुस्तीचा आग्रह धरणाऱ्याने हे समजून घेतले पाहिजे. शिकवलेला गवंडी शेजारच्या घराची भिंत डोळ्यांदेखत बांधून दाखवील तेव्हाच विश्वास येतो.

चुकीची मलमपट्टी

ज्यांच्याकडे पैसा आला त्यांनी डागडुजी केली नाही असेही नाही. केली, पण सिमेंटने. वाईच्या गणपती आळीत किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावात जुन्या भिंतींवर खालचे चार फूट राखाडी गिलावा दिसतो. ओल चढते म्हणून तो लावलेला असतो. पण मातीची भिंत ओल ओढते ती जमिनीतून, आणि सिमेंट फक्त तिचा बाहेर पडायचा रस्ता बंद करते. मग ओल गिलाव्याच्या वर, पाचव्या-सहाव्या फुटावर फुटते, आणि तिथेच कड्यांची टोके असतात. गिलावा पुढे पापुद्र्यासारखा सुटतो तेव्हा त्याला चिकटून मातीही येते. माळवदावर स्लॅब टाकण्याचेही तसेच. खांब ज्या ओझ्यासाठी रचले होते त्याच्या कितीतरी पट वजन एकाएकी त्यांच्यावर येते. मालकाचा हेतू घर वाचवण्याचाच असतो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी गावात उरलेला नसतो, आणि सिमेंटची गोणी चौकातल्या दुकानात मिळते.

राहणाऱ्यांच्या सोयीचा मुद्दाही खराच आहे. शौचालय परसात, जिना भिंतीच्या जाडीतला आणि उभा, मागच्या खोल्या काळोख्या, गाडी लावायला जागा नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला त्या जिन्यावरून चढवायचा आग्रह कोणीही धरू नये. पण वाड्याची खणांची रचना इथेच उपयोगी पडते. मागच्या दोन खणांत आधुनिक न्हाणीघर आणि शौचालय घेता येते, फक्त त्याचे पाणी चुकूनही जोत्याला लागता कामा नये. सरळ जिना पडवीत काढता येतो. पाट काढून काचेची कौले घातली तर काळोखी खोली उजळते. जो सांगाडा वाढण्यासाठीच रचला होता, तो बदलही सोसतो. मेणवलीसारख्या ऐतिहासिक वास्तूला हे लागू नाही, तिथे प्रत्येक बदलाला तज्ज्ञ हवा. पण गावातले शंभर निनावी वाडे स्मारके नाहीत. ती राहती घरे आहेत, आणि तशीच राहिली तर टिकतील.

लाकूड महाग झाले, जंगले राहिली नाहीत, मग एवढे सागवान आणायचे कुठून, असेही विचारले जाते. नव्याने वाडे बांधा असे कोणी म्हणत नाही. उभ्या वाड्यात जे सागवान आहे ते शंभर-दोनशे वर्षे वाळलेले, मुरलेले आहे, आणि त्यातले बहुतेक अजून धडधाकट असते. वाडा पाडला की तेच खांब आणि कोरलेले दरवाजे ठेकेदारामार्फत जुन्या लाकडाच्या बाजारात जातात, तिथून एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभे राहतात. लाकूड नासलेले असते तर ते कोणी विकत घेतले नसते. पाडलेल्या एका वाड्याच्या लाकडातून गावातल्या दहा वाड्यांच्या कुजलेल्या कड्या बदलता येतील. नगरपालिकेने पाडकामाची परवानगी देताना तेवढी एक अट घातली आणि लाकूड ठेवायला एक शेड दिली, तरी हा माल गावातच राहील.

नोटीस

पावसाळ्याच्या आधी नगरपालिकेची माणसे जुन्या घरांना धोकादायक इमारतीची नोटीस लावून जातात. नोटिशीमागे खरी काळजी असते, कारण दर वर्षी कुठेतरी भिंत कोसळून माणसे मरतात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने दिलेला हा अधिकार फक्त पाडायला सांगण्याचा नाही. इमारत सुरक्षित करायला किंवा तिची दुरुस्ती करायलाही त्याच कलमाखाली सांगता येते. व्यवहारात मात्र बहुधा उतरवून घ्या एवढेच सांगितले जाते. कारण साधे आहे. तपासणीला येणारा अभियंता काँक्रीटच्या इमारती शिकून आलेला असतो. खांबाला टोकदार हत्यार टोचून लाकूड आतून कुठवर गेले आहे हे पाहणे, कोणती कडी भिंतीत कुजली ते ओळखणे, मोरीचा उतार तपासणे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. दगडी आणि मातीच्या घरांच्या भूकंपरोधक बांधणीसाठी भारतीय मानके १९९३ पासून आहेत, आय.एस. १३८२७ आणि १३८२८. तालुक्याच्या कार्यालयात ती टेबलावर सापडत नाहीत. ज्याला ठाऊक नाही तो जबाबदारी घेऊन दुरुस्तीची शिफारस कशी करील? पाडा म्हणणे त्याच्यासाठी सुरक्षित असते.

हा अभियंता आणि एक जुना सुतार असे दोघे मिळून, खणाखणाने घर तपासत गेले, तर अहवालात सगळ्या वाड्याला एकच शिक्का मारावा लागणार नाही. सहा खण उतरवा, नऊ खणांना टेकू द्या, उरलेले राहायला ठीक, असे लिहिता येईल. त्या अहवालावर बँकेने गृहकर्जासारखे दुरुस्ती कर्ज द्यावे, सहहिस्सेदारांपैकी एकाला छपराच्या आणि पाण्याच्या कामासाठी इतरांच्या सहीशिवाय खर्च करता यावा आणि तो पुढे वाट्यातून वळता व्हावा, एवढ्या तरतुदी नियमात बसवणे अशक्य नाही. आयटीआयमध्ये वायरमन आणि प्लंबरच्या शेजारी चुन्याचा गवंडी आणि सांध्यांचा सुतार यांचा एक अभ्यासक्रम सुरू झाला, तर त्या मुलांना काम कमी पडणार नाही. वाई, मेणवली, पसरणी एवढ्याच परिसरात त्यांच्या एका तुकडीला कित्येक वर्षे पुरेल इतकी कौले चाळायची आणि कड्या बदलायच्या बाकी आहेत, आणि त्या कामाचा हंगाम दर वर्षी मे महिन्यात येतो.